घरातील औषधे आणि पाळीव प्राणी: पशुवैद्यक काय करतात, घर सुरक्षित कसे ठेवावे

घरात एखादी व्यक्ती आजारी असली की औषधांचा डबा हाताशी राहतो, उशाजवळ गोळ्यांची पट्टी पडलेली असते, घरातल्यांचे लक्ष रुग्णाकडे असते. त्याच घरात कुत्रा, मांजर, ससा किंवा लव्हबर्ड्सची जोडी असेल तर त्यांच्यासाठी हा काळ धोक्याचा असतो. लहान प्राणी आणि पक्षी तपासणाऱ्या दवाखान्यात येणाऱ्या विषबाधा बहुतेक वेळा घरातल्याच वस्तूंमुळे झालेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच टाळता येण्यासारख्या असतात. पशुवैद्यकांचे काम कसे चालते, कोणत्या गोष्टी प्राण्यांपासून दूर ठेवाव्यात, अपघात झाल्यास काय करावे आणि प्राण्यांमुळे घरच्यांच्या आरोग्याला धोका होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- माणसाचे कोणतेही औषध पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय प्राण्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.
- प्राण्याने विषारी पदार्थ खाल्ल्याची शंका आली तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका.
- मीठ, दूध, तेल किंवा लिंबू पाजून उलटी करवू नका.
- ससा किंवा पक्षी काही तास खात नसेल तर तो गंभीर आजारी असू शकतो.
- प्राणी चावला किंवा त्याने ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पशुवैद्यक कसे घडतात?

पशुवैद्यक होण्यासाठी बारावी विज्ञान शाखेनंतर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही साडेपाच वर्षांची पदवी घ्यावी लागते. यात साडेचार वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष आंतरवासिता असते. प्रवेशासाठी नीट परीक्षेचे गुण लागतात. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मिळते. त्यातले मुंबईतील परळचे महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्यानंतरच उपचार करता येतात. पुढे शस्त्रक्रिया, औषधशास्त्र, प्रसूतिशास्त्र अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

पदवीच्या अभ्यासात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, घोडा, कुत्रा अशा सर्वांचा समावेश असतो. शहरात काम करणारे बरेच पशुवैद्यक पुढे कुत्री आणि मांजरी यांच्यावर भर देतात. त्यांतले थोडे जण ससे, गिनी पिग, हॅमस्टर, पोपटवर्गीय पक्षी, कासवे अशा प्राण्यांचे वेगळे प्रशिक्षण घेतात. या प्राण्यांना व्यवहारात 'एक्झॉटिक' म्हणतात.

हे काम वेगळे का आहे ते एका उदाहरणाने कळेल. बजरीगर पक्ष्याचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते. त्याच्यासाठी औषधाचा एक थेंब जास्त झाला तरी मात्रा बिघडते. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, छातीवर घट्ट दाब पडला तर त्यांना श्वास घेता येत नाही. त्यामुळे पक्षी हातात धरणे हेसुद्धा शिकावे लागणारे कौशल्य आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. कासवाला सूर्यप्रकाशातील अतिनील किरण मिळाले नाहीत तर त्याचे कवच मऊ पडते. म्हणून असा प्राणी घरी आणण्याआधीच, तो तपासणारे पशुवैद्यक तुमच्या शहरात कोण आहेत याची चौकशी करा आणि त्यांचा क्रमांक लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता शोधाशोध करण्यात मोलाचा वेळ जातो.

रुग्णाची औषधे: सर्वांत मोठा धोका

प्राण्याला ताप आला, तो लंगडू लागला की 'आपलीच अर्धी गोळी देऊन बघू' असे अनेकांना वाटते. यामागे मायाच असते, पण परिणाम जीवघेणा होऊ शकतो.

*पॅरासिटामॉल:* माणसाचे यकृत ज्या पद्धतीने हे औषध निकामी करते ती क्षमता मांजरीत फार कमी असते. ४ किलोच्या मांजरीला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी देणे म्हणजे ६० किलोच्या माणसाने एका वेळी १५ गोळ्या घेण्यासारखे आहे. त्यातच मांजरीला हे औषध पचवता येत नाही. काही तासांत तिच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. यावर उतारा उपलब्ध आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

*आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि इतर वेदनाशामके:* कुत्र्यामांजरांत यामुळे जठरात व्रण होतात, काळी शी किंवा रक्ताची उलटी होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्राण्यांसाठी वेगळी, सुरक्षित वेदनाशामके मिळतात.

*व्हिटॅमिन डी:* आठवड्यातून एकदा घ्यायच्या ६०,००० युनिटच्या गोळ्या आणि पुड्या आज घरोघरी आहेत. लहान कुत्र्याने त्या चघळल्या तर रक्तातील कॅल्शियम वाढते आणि काही दिवसांत मूत्रपिंडांना इजा होते. सुरुवातीला कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो, त्यामुळे इथे फसगत होते.

*त्वचेवर लावायची औषधे:* केस उगवण्यासाठी वापरले जाणारे मिनॉक्सिडिल मांजरीला फार घातक आहे. डोक्याला लावलेले औषध उशीच्या अभ्र्याला लागते, मांजर तिथे झोपते आणि मग अंग चाटते, तेवढेही पुरते. सोरायसिससाठीचे कॅल्सिपोट्रिऑल मलम आणि त्वचेच्या काही आजारांत वापरले जाणारे फ्लुरोयुरॅसिल मलम कुत्र्याने ट्यूब चावून खाल्ले तर जीव जाऊ शकतो. ही औषधे लावल्यानंतर हात धुवा, तो भाग प्राण्याला चाटू देऊ नका आणि ट्यूब बंद कपाटात ठेवा.

*दम्याचा पंप:* कुत्र्याने सालब्युटामॉलचा पंप चावून फोडला तर औषधाचे अनेक डोस एकदम तोंडात जातात. हृदयाचे ठोके प्रचंड वाढतात आणि रक्तातील पोटॅशियम घसरते.

रक्तदाब, मधुमेह, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्यांबाबतही हाच नियम पाळा. गोळी जमिनीवर पडली तर ती सापडेपर्यंत प्राण्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या हातून गोळ्या पडत असतील तर औषध देण्याची जबाबदारी एकाने घ्यावी.

स्वयंपाकघरातील पदार्थ

- कांदा आणि लसूण: कच्चे असोत की शिजवलेले, यामुळे कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मांजरीला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदाही बाधू शकतो, म्हणजे ४ किलोच्या मांजरीला जेमतेम २० ग्रॅम. मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली पोळी, वाटण लागलेली हाडे यांतून कांदा नकळत पोटात जातो. लक्षणे दोन-चार दिवसांनी दिसतात: थकवा, फिक्या हिरड्या, लालसर तपकिरी लघवी.
- द्राक्षे, बेदाणे, मनुका: काही कुत्र्यांत थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही देऊ नका.
- चॉकलेट: जितके गडद आणि कडू, तितके विषारी. बेचैनी, उलट्या, जलद ठोके आणि झटके येऊ शकतात.
- झायलिटॉल: काही शुगर-फ्री च्युइंग गम, मिठाया आणि पीनट बटरमध्ये हा गोडवा असतो. कुत्र्यात अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटू शकते. पाकिटावरील घटक वाचा.
- शिजवलेली हाडे: तुटून त्यांची टोके होतात. ती घशात किंवा आतड्यात अडकतात.

झाडे, फिनेल आणि कीटकनाशके

पुष्पगुच्छात येणाऱ्या लिलीपासून मांजरीला विशेष जपा. पाने, परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीही मांजरीची मूत्रपिंडे निकामी करू शकते. रुग्णाला भेटायला येणारे लोक फुले आणतात. घरात मांजर असेल तर लिली बाहेरच ठेवा. सोसायट्यांच्या बागेत लावले जाणारे सायकस, कण्हेर, पिवळी कण्हेर आणि धोतरा हेही विषारी आहेत. सायकसच्या बिया कुत्रे खेळता खेळता चावतात आणि यकृताला गंभीर इजा होते.

फिनेलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालते आणि नंतर पंजे चाटते. फिनॉल प्रकारची रसायने तिला सहज निकामी करता येत नाहीत. फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसा आणि वाळेपर्यंत मांजरीला दूर ठेवा. डांबराच्या गोळ्या कपाटाबाहेर ठेवू नका.

उंदराच्या विषाचे दोन प्रकार सामान्यपणे आढळतात. एका प्रकारात रक्त गोठण्याची क्रिया थांबते. प्राणी तीन ते पाच दिवस बरा दिसतो आणि मग रक्तस्राव सुरू होतो. वेळेत गेल्यास व्हिटॅमिन के-१ देऊन तो वाचू शकतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे झिंक फॉस्फाइडमध्ये, पोटात विषारी वायू तयार होतो. अशा वेळी प्राण्याला खायला देऊ नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवून न्या, कारण उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो. शक्य असेल तर विषाचे पाकीट सोबत न्या.

गोचीड-पिसवांच्या औषधांतही चूक जिवावर बेतते. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजरीला लावले तर थरथर आणि झटके येतात. फिप्रोनिल सशाला लावू नये. गुरांसाठी मिळणारे गोचिडांचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालू नका.

पक्षी, ससे, कासवे: वेगळी काळजी

*पक्षी:* नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सिगारेट, रंगाचा वास यांपासूनही दूर ठेवा. अ‍ॅव्होकाडो पक्ष्यांना विषारी आहे. फक्त बिया खाणाऱ्या पक्ष्याला जीवनसत्त्वांची कमतरता होते, भाज्या आणि पेलेट्सची सवय हळूहळू लावा. पंखा चालू असताना पक्षी मोकळा सोडू नका.

*ससा आणि गिनी पिग:* यांच्या आहाराचा मोठा भाग गवत असला पाहिजे. सशाला गाजर हा खाऊ म्हणून थोडाच द्यावा. आतड्याची हालचाल थांबली की ससा खाणे आणि लेंड्या टाकणे बंद करतो. असे १० ते १२ तास झाले तर ती आणीबाणी समजा. सशाला आणि गिनी पिगला अमोक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडाने दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू मरून प्राणी दगावू शकतो. गिनी पिगला आपल्यासारखेच आहारातून क जीवनसत्त्व रोज लागते. विजेच्या तारा सशापासून झाकून ठेवा.

*कासवे:* नाण्याएवढे म्हणून विकले जाणारे लाल पट्ट्याचे कासव पुढे ताटाएवढे होते आणि अनेक वर्षे जगते. कंटाळा आला म्हणून ते तळ्यात सोडू नका, ते आपल्या स्थानिक कासवांची जागा बळकावते.

कायदा लक्षात ठेवा: आपल्याकडचा हिरवा पोपट आणि तारा कासव हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते विकत घेणे किंवा घरी ठेवणे गुन्हा आहे. काही परदेशी प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. घेण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करा.

ऊन, फटाके आणि गॅलरी

कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले तर अवयव निकामी होऊ लागतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्माघात लवकर होतो. फिरायला पहाटे किंवा उशिरा संध्याकाळी न्या आणि बंद गाडीत पाच मिनिटेही सोडू नका. उष्माघात झाल्यास सावलीत आणा, अंगावर नळाचे पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या.

दिवाळीत घाबरून पळालेली कुत्री हरवतात किंवा गाडीखाली येतात. संध्याकाळी दारे बंद ठेवा, गळ्यात तुमचा फोन क्रमांक लिहिलेला पट्टा बांधा. फार घाबरणाऱ्या प्राण्यासाठी औषध लागते का, हे आधीच विचारून ठेवा. मांजर असलेल्या उंच इमारतीतील घराच्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवा. मांजर पडत नाही हा समज खरा नाही.

विषबाधेची शंका आल्यास काय करावे?

१. प्राण्याला त्या वस्तूपासून दूर करा. तोंडात उरलेला भाग सुरक्षितपणे काढता आला तरच काढा.
२. काय, किती आणि केव्हा खाल्ले ते लिहा. पाकिटाचा किंवा झाडाचा फोटो घ्या.
३. लगेच पशुवैद्यकांना फोन करा आणि प्राण्याचे वजन सांगा.
४. अंगावर रसायन सांडले असेल तर कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवा, चाटू देऊ नका.

काय करू नये? मीठ पाजून उलटी करवल्यास रक्तातील सोडियम वाढून मेंदूला इजा होऊ शकते. अ‍ॅसिड, रॉकेल, फिनेल पोटात गेले असेल तर उलटी करवणे आणखी धोकादायक असते. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या प्राण्याच्या तोंडात काहीही घालू नका. आणि पशुवैद्यकांपासून काही लपवू नका. 'आम्हीच गोळी दिली' हे सांगायला संकोच वाटतो, पण तेवढ्या एका वाक्याने योग्य उतारा लवकर देता येतो.

लगेच दवाखान्यात न्यावे अशी लक्षणे

- धाप लागणे, तोंड उघडून श्वास घेणारी मांजर, श्वासागणिक शेपूट हलवणारा पक्षी
- फिक्या, निळ्या, तपकिरी किंवा पिवळ्या हिरड्या
- झटके, तोल जाणे, बेशुद्धी
- बोक्याला वारंवार कळ येऊनही लघवी न होणे
- पोट फुगून कुत्र्याला नुसतेच ओकारे येणे
- पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी

पक्षी आणि ससे हे निसर्गात इतरांचे भक्ष्य असतात, म्हणून ते आजार लपवतात. ते आजारी दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

घरच्यांचे आरोग्य

*चावणे आणि ओरखडे:* रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, पण वेळेवर उपचार घेतल्यास तो टाळता येतो. जखमेवर हळद, चुना, तिखट लावू नका. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे डोस पहिल्या दिवशी (दिवस ०) आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी असतात. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. घरच्या प्राण्याला लस दिलेली असली तरी निर्णय डॉक्टरांवर सोडा. मांजरीचे दात बारीक असल्याने जंतू खोल जातात, जखम लहान दिसली तरी दाखवा.

*गर्भवती स्त्रिया:* टॉक्सोप्लाझ्माच्या भीतीने मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. मांजरीच्या शीमधील हे जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. शीचा ट्रे रोज घरातल्या दुसऱ्या कोणीतरी साफ करावा. भाज्या धुऊन आणि मांस नीट शिजवून खावे.

*केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि पाच वर्षांखालील मुले:* कासवे आणि इतर सरपटणाऱ्या प्राण्यांपासून साल्मोनेलाचा संसर्ग होतो, अशा घरात ती ठेवू नयेत. शी, पिंजरा आणि मत्स्यटाकी साफ करण्याचे काम रुग्णाने करू नये.

*पक्षी पाळणाऱ्यांना* ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला झाला तर घरी पक्षी आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. सिटॅकोसिस हा न्यूमोनिया पोपटवर्गीय पक्ष्यांपासून होतो आणि योग्य प्रतिजैविकाने बरा होतो. कोणाला गजकर्ण झाले असेल तर प्राण्यालाही तपासून घ्या.

मुलाला पशुवैद्यक व्हायचे आहे?

प्राणी आवडतात एवढे पुरेसे नाही. हे काम जितके प्राण्याशी असते तितकेच त्याच्या माणसाशी असते. रुग्णाला बोलता येत नाही, त्यामुळे घरच्यांना नेमके प्रश्न विचारून माहिती काढावी लागते. उपचाराचा खर्च परवडत नाही असे सांगणारे कुटुंब समोर असते. बरा न होणाऱ्या, वेदनेत असलेल्या प्राण्याला दयामरण द्यावे का, हे त्यांच्यासोबत बसून ठरवावे लागते आणि पुढच्याच क्षणी नव्या पिल्लाला लस द्यायची असते. चावे, ओरखडे, अवेळी येणारे फोन हेही आहेच. ज्याला विज्ञानाची आवड आहे, जो शांत राहू शकतो आणि लोकांशी बोलू शकतो, त्याला हे काम समाधान देते. बारावीआधी सुट्टीत एखाद्या दवाखान्यात किंवा प्राणी निवाऱ्यात मदतीला जाऊ द्या. दोन आठवड्यांत त्याचे त्यालाच कळेल.

आजच करण्यासारख्या चार गोष्टी

औषधांचा डबा झाकणाच्या, बंद होणाऱ्या कपाटात हलवा. फ्रिजवर जवळच्या पशुवैद्यकांचा आणि रात्री सुरू असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक लावा. प्राण्याचे वजन करून लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहा. आणि घरातील सर्वांना, कामाला येणाऱ्या ताई आणि आजी-आजोबांनाही, कोणते पदार्थ प्राण्याला द्यायचे नाहीत ते सांगून ठेवा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक प्राण्याचे वय, वजन आणि आजार वेगळे असतात, त्यामुळे उपचारांसाठी नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आणि स्वतःच्या तक्रारींसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*